यादीत नसलेल्यांचे वामनराव

जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत दुपारी चारच्या सुमारास एसटी स्टँडवरची घोषणा ऐकू येत असे. "प्रवाशांनी लक्ष द्या. निळी टीम वळणावर आलेली आहे. हॉलंडची गाडी लेट आहे, तिची वाट पाहू नये." नवीन माणूस दचकून रस्त्याकडे बघायचा. रस्त्यावर गाडी नसायची, टीमही नसायची. ओट्यावर लाकडी खुर्ची, खुर्चीत वामनराव गावंडे, समोर स्टुलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल, आणि त्यात गोल लाकडी ट्रॅकवर भिरभिरणाऱ्या सायकली.

वामनराव एसटीत कंट्रोलर होते. सगळी नोकरी अकोल्याच्या स्टँडवर माइकसमोर काढली. निवृत्तीनंतर माइक गेला, पण आवाज घरीच राहिला. सायकलींच्या शर्यतींचं इंग्रजी समालोचन त्यांना कळत नसे, म्हणून ते आवाज बंद करून स्वतःचं चालवत. मी पुण्याहून बँकेच्या बदलीवर अकोल्याला आले आणि त्यांच्याच वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. पहिल्या दिवशी सामान उतरवताना त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तुमच्या पुण्यात वेलोड्रोम हाय म्हनते, सायकलीचा गोल ट्रॅक. कसा हाय?" मी म्हटलं, मी कधी गेले नाही. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी पुण्यात राहून पाणीसुद्धा प्यायले नव्हते. "पुण्यात राहून गेल्या नाही? मंग करत काय होत्या तठी?"

त्यांना हा नाद लागला तो गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. महिनाभर पलंगावर पडून होते, मुलाने हातात मोबाइल दिला. त्यात पहिल्यांदा जी शर्यत दिसली तिच्यात सायकलस्वारांच्या पुढे एक लहानशी मोटरसायकल चालते, वेग वाढवत नेते आणि शेवटच्या काही फेऱ्या उरल्या की बाजूला होते. वामनरावांना वाटलं, तो मोटरसायकलवालाही स्पर्धकच. "सारा वेळ पयला होता थो! आन् जिंकाची वेळ आली त निघून गेला! मी म्हटलं, याच्या घरी काही झालं का काय?" हा किस्सा ते स्वतःच सांगत आणि स्वतःच खुर्ची हलेस्तोवर हसत. पण त्या दिवसापासून ते बघतच गेले. वडिलांची तेल्हाऱ्याकडे शंकरपटात धावणारी बैलजोडी होती, त्यामुळे शर्यत त्यांच्या अंगात होतीच. फक्त बैलांच्या जागी सायकली आल्या.

त्यांचा जीव विशेष होता तो टीम परस्यूट या प्रकारावर. चार सायकलस्वार एकामागे एक चालतात. पुढचा वारा अंगावर घेतो, दमला की वळणावर बाजूला वर चढतो आणि शेवटी येऊन लागतो. मग दुसरा पुढे. गंमत अशी की वेळ मोजतात ती तिसऱ्याच्या चाकावर. चौथा मागे पडला तरी चालतं, पण तिसरा रेषा ओलांडेपर्यंत घड्याळ थांबत नाही. हे मला त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर चार वाट्या सरकवून समजावलं होतं. "पयल्याचं कौतुक कोनाले नाही मॅडम. तिसरा कुठी हाय थे पाहा."

आता एवढा शौक म्हटल्यावर माणूस निवड समितीवर बसणारच. देशाचा संघ जाहीर व्हायच्या आधी वामनरावांचा संघ जाहीर होत असे, ओट्यावरून, प्रवाशांनी लक्ष द्यावे या आवाजात. तो कधीही जुळला नाही. एकदाही नाही. त्याचं त्यांना काही वाटत नसे. खरा संघ वाचून ते म्हणत, "त्याइची टीम बी वाईट नाही."

पण त्यांची खरी खासियत वेगळीच होती, आणि तिच्यामुळेच मी हे लिहायला बसले आहे. अमरावतीला एक जुना सिमेंटचा गोल ट्रॅक आहे. विभागाच्या शालेय संघाची निवड चाचणी तिथे होते. वामनराव दरवर्षी ती बघायला जात. यादी लागली की निवडलेल्या मुलांना हार, पेढे, फोटो. त्या गर्दीत हे नसत. पुढच्या आठवड्यात ते ज्याचं नाव यादीत नाही त्याच्या घरी जात. रिकाम्या हातानं. सांत्वनाला नव्हे, तर त्याला का घेतलं नाही ते सांगायला.

"ज्याले घेतलं त्याले मालूम असते काहून घेतलं," ते म्हणत. "ज्याले नाही घेतलं त्याले कोन सांगते? नाव नाही, संपलं. पोट्टं घरी जाऊन भितीकडं तोंड करून झोपते. त्याले काहून थे सांगाव लागते."

पुण्याच्या कानांना हे भयंकर वाटायचं. डाबकी रोडवरच्या एका मुलाकडे मी त्यांना गाडीने घेऊन गेले होते. मुलगा हिरमुसून बसलेला, आई चहा ठेवायला निघालेली, आणि हे दारातूनच म्हणाले, "तू खाली पाहून चालवतं बावा. समोरच्याचं चाक पाहतं. खांदे पाह्यले पाह्यजे, म्हंजे थो कवा बाजूले होते थे समजते. म्हून नाही घेतलं तुले." आईने चहा ठेवलाच नाही. आम्ही दारातूनच परत आलो. जिन्यात मी चिडून म्हटलं, "काका, जरा गोड बोलून सांगता आलं असतं." ते म्हणाले, "गोड बोलाले त्याचे मामे हायेत ना." आठवड्याने तो मुलगा आपणहून ओट्यावर आला आणि खांदे म्हणजे नेमके कुठे बघायचे, ते विचारून गेला.

ते नेहमी बरोबर असत असंही नाही. मूर्तिजापूरच्या एका मुलाला त्यांनी सांगितलं की तुझी कोपरं बाहेर येतात, हवा अडते. तो बिचारा कोपरांना फडकं बांधून सराव करायला लागला. नंतर कळलं की त्याचं नाव वयाच्या दाखल्यामुळे राहिलं होतं. वामनराव एसटी धरून पुन्हा त्याच्याकडे गेले आणि सांगून आले, "मी चुकलो. तुही कोपरं बराबर हायेत. तुहा जन्म लवकर झाला."

पूर्वा ही त्यांची नात. खालच्या मजल्यावर मुलगा, सून वैशाली आणि ही. आजोबांच्या मोबाइलमध्ये डोकं घालून मोठी झालेली, त्यामुळे तिला सायकलचा नाद लागणारच होता. पायात जोर होता. इंगोले सर अमरावतीच्या ट्रॅकवर मुलांना शिकवत, त्यांच्याकडे ती शनिवार-रविवार जाऊ लागली. आणि मागच्या वर्षी मुलींच्या टीम परस्यूटसाठी विभागाचा संघ निवडायचा होता. तीन मुली नक्की होत्या. चौथ्या जागेसाठी दोघी उरल्या. एक पूर्वा, आणि दुसरी नांदगाव खंडेश्वरची श्रावणी. भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली, बारीक चणीची, कमी बोलणारी मुलगी.

ही जागा पूर्वाला मिळावी म्हणून ते घर त्या दिवसांत श्वास रोखून होतं. वैशाली तर रोज बदाम भिजवत होती. इंगोले सर वामनरावांना मानत. त्यांनी फोनवर सहज विचारलं, "काका, तुमच्या मते चौथी कोण?" मी समोरच होते. वामनराव म्हणाले, "सर, माही नात हाय. मले थेच पाह्यजे. म्हून मले इचारू नका."

चाचणीच्या दिवशी मी गाडी काढली. ट्रॅकजवळ पोचल्यावर त्या तीन मुलींबरोबर आधी पूर्वा आणि मग श्रावणी चालवणार असं ठरलं. वामनराव उठले आणि फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसले. रस्त्याकडे तोंड, ट्रॅककडे पाठ. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "मी पाह्यलं का माह्या तोंडावर दिसते. सर माह्या तोंडाकडं पाहतात. नको." आयुष्यभर दुसऱ्यांच्या शर्यती डोळे फाडून बघणारा माणूस स्वतःच्या नातीच्या वेळी बडनेऱ्याकडे जाणारे ट्रक मोजत बसला. मला त्या वेळी फार भरून आलं. मनात म्हटलं, न्याय असावा तर असा.

यादी लागली. पूर्वाचं नाव होतं. जठारपेठेत फटाके वाजले, वैशालीने गल्लीभर पेढे वाटले, आणि वामनराव दोन दिवस नुसते हसत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी वर आले. "मॅडम, रविवारी नांदगावले जा लागते."

मी म्हटलं, "काका, या वर्षी राहू द्या. तुमच्याच नातीमुळे तिचं राहिलं. तिथे जाऊन काय बोलणार?"

"दरसाल जातो. यंदा काहून नाही?"

श्रावणीचं घर गावाच्या कडेला, मागे वांग्याचं आणि मेथीचं शेत. तिच्या वडिलांनी बाज टाकली, पाणी दिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, पण गोडवाही नव्हता. श्रावणी मेथीच्या जुड्या बांधत होती. ती उठली नाही. तिला वामनरावांची ही रीत ठाऊक होती, मुलांमध्ये ती गोष्ट झालेलीच होती. जुडी बाजूला ठेवून तिने सरळ विचारलं, "सांगा मंग. काहून नाही घेतलं मले?"

वामनरावांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि बहुतेक त्यांच्याही तेव्हाच आलं. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. ते टपरीवर बसले होते.

"मी पाह्यलं नाही," ते म्हणाले. "माही नात होती म्हून पाठ करून बसलो होतो."

श्रावणीने पुढची जुडी हातात घेतली. "साऱ्याइचं पाह्यता तुमी," ती म्हणाली. "माहंच नाही पाह्यलं."

ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी पाह्यलं ना? काय झालं?" मला तर हेल्मेटमधल्या चारही मुली सारख्याच दिसल्या होत्या. मी तसं सांगितलं. श्रावणीचे वडील पहिल्यांदाच बोलले, "लोकं म्हणतात, तुमची सरासंगं ओळख हाय. मी काही म्हणत नाही. लोकं म्हणतात."

वामनराव बाजेवरून उठले. मग म्हणाले, "येत्या रविवारी ट्रॅकवर ये. पूर्वा बी येईन. दोघी चालवा. मी पाहतो."

परतताना ते गाडीत एकच वाक्य बोलले. "लय शहाणपना केला मी." टपरीवर बसलेल्या ज्या माणसाचं मला कौतुक वाटलं होतं, त्याने एका मुलीची शर्यतच बघितलेली नव्हती, हे मला तिथे बाजेवर बसल्यावर कळलं.

इंगोले सरांनी आधीच सांगितलं, "काका, यादी गेली आहे. आता बदलणार नाही." "यादी नाही बदलाची सर. मले फक्त पाह्याचं हाय." खरा गोंधळ घरी झाला. वैशाली चांगलीच तडकली. "आबा, पोरगी चार दिवसांनी राज्य स्पर्धेले पुण्याले जाऊन राह्यली, आन् तुमी तिले पुन्हा परीक्षेले बसवून राह्यले?" वामनरावांचा मुलगा मधे पडला नाही, आपल्या दुकानात निघून गेला. पण पूर्वाच म्हणाली, "जाऊ दे ना आई. चला आबा, पाहून घ्या." तिला खात्री होती.

त्या रविवारी ते रेषेजवळ उभे राहिले नाहीत. वळणावर गेले, कठड्याला टेकले. संघातल्या बाकी तिघी सरावाला आल्याच होत्या; त्यांच्याबरोबर आधी पूर्वा चालवून गेली, मग थोड्या विश्रांतीनंतर श्रावणी. मी बाजूला उभी होते. प्रवाशांना उद्देशून एकही घोषणा झाली नाही. श्रावणीची शेवटची फेरी संपली तेव्हा त्यांनी चष्मा काढला, शर्टाने पुसला आणि पुन्हा लावायचा विसरून तसेच उभे राहिले.

श्रावणी सायकल हातात धरून आली. चेहरा लाल झालेला. पूर्वा जवळच बाटलीतून पाणी पीत होती.

"सांगा," श्रावणी म्हणाली.

"बाजूले होतं तवा तुही सायकल लय वर चढते. परत लायनीत याले उशीर होते. थे सुधारजो."

"बस?"

वामनरावांनी पूर्वाकडे बघितलं. मी मनातून म्हणत होते, काका, आता बस करा. एवढं पुरे आहे.

"आन् मी निवडत असतो," ते म्हणाले, "त तुले घेतलं असतं. तू समोर आली का एकसारखं चालवतं, मागच्या पोरी तुह्या चाकाले धरून येतात. पूर्वा समोर आली का जोर लावते. मागच्या तुटतात. घड्याळ तिसरीवर थांबते."

"मंग सरनं तिले काहून घेतलं?"

"एकटीची वेळ तिचीच चांगली हाय. सरनं थे पाह्यलं. थे बी चूक नाही. मी दुसरं पाहतो."

श्रावणी "बरं" म्हणाली. हवं होतं ते तिला मिळालं, पण म्हणून तिचा चेहरा काही खुलला नाही. संघात जागा मिळाली नव्हतीच. ती मागे वळली, सायकल भिंतीला लावली आणि बुटांच्या नाड्या सोडत बसली. पूर्वा कधीच गाडीत जाऊन बसली होती. तिने हेल्मेट मागच्या सीटवर आपटल्याचा आवाज मला वळणापर्यंत आला. मूर्तिजापूरला आम्ही चहाला थांबलो तेव्हा ती उतरली नाही.

चहाच्या टपरीवर मी त्यांना झोडपलं. "आता ती पुण्याला जाणार, तिथे ट्रॅकवर उभी राहणार, आणि डोक्यात काय घेऊन? माझ्या आजोबांना मी नको होते, हे! काय गरज होती काका? श्रावणीला एकटीला बाजूला घेऊन सांगायचं."

"तिनं साऱ्याइसमोर इचारलं," ते म्हणाले. त्यांनी चहा बशीत ओतला. "एक डाव पाठ केली मी तिच्याकडं. आता तोंड बी फिरवू?"

पुढचे दिवस खालच्या मजल्यावर कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. वामनरावांचं ताट वेळेवर येई, पण शब्दाविना. पूर्वा त्यांच्या खुर्चीसमोरून मान वळवून जाई. पुण्याला निघताना तिला स्टेशनवर सोडायला सगळे गेले, त्यांना कोणी चला म्हटलं नाही. ते ओट्यावर उभे होते. तिने वाकून नमस्कार केला, कारण तशी सवय होती, आणि रिक्षात बसली. ते संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होते. मोबाइल बंद होता.

राज्य स्पर्धा टीव्हीवर दाखवत नाहीत. संघातल्या एका मुलीचे वडील पुण्याला सोबत गेले होते. ते व्हिडिओ कॉलवर दाखवणार होते. वैशाली देवासमोर बसली, तिला बघवत नव्हतं. मोबाइल मी धरला. चित्र हलत होतं, अधूनमधून गोठत होतं. चौघी एका रांगेत दिसत, मग वळणावर दिसेनाशा होत.

पूर्वा पुढे आली. मलाही आता एवढं कळू लागलं होतं, की आता ती जोर लावेल. तिने लावला नाही. मागच्या तिघी तिच्या चाकाला धरून आल्या. ती बाजूला झाली, मागे लागली. पुन्हा तिची पाळी आली, पुन्हा तसंच. वामनरावांच्या तोंडून नुसतं "हं" आलं. शेवटच्या फेऱ्यांत एक मुलगी दमून सुटली. उरलेल्या तिघींत पूर्वा तिसरी होती, आणि ती सुटली नाही. संघ पदकाच्या शर्यतीत पोचला नाही, थोडक्यात राहिला.

थोड्याच वेळात फोन आला; वैशाली अजून देवासमोरच होती. आईच्या नाही, वामनरावांच्या मोबाइलवर. मी शेजारीच होते, आवाज मोठा केलेला होता.

"आबा, पाह्यलं का?"

"पाह्यलं."

"समोर होती तवा?"

"बराबर चालवली."

मग तिने विचारलं, "मंग आता सांगा. मी का श्रावणी?"

मी हातवारे केले. 'तू' म्हणा, 'तू' म्हणा. देवाशपथ, त्या क्षणी खोटं बोललेलं मला चाललं असतं. वामनराव माझ्याकडे बघत होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि ते म्हणाले, "श्रावणीच. अजून बी." मग घाईने, "पन आता लय फरक नाही राह्यला."

मी डोक्याला हात लावला. आणि फोनमधून हसण्याचा आवाज आला. मोठा, मोकळा. "मले मालूम होतं, तुमी हेच म्हणसान!" ती हसतच राहिली. मग वामनरावही हसू लागले, गळ्यातला मफलर डोळ्यांना लावून. वैशाली आतून धावत आली, तिला वाटलं जिंकले.

त्या थंडीतच ते गेले. सकाळी उठलेच नाहीत. तेरवीला ट्रॅकवरची बरीच मुलं आली होती, बहुतेक अशी की ज्यांची नावं कधी ना कधी यादीत नव्हती. श्रावणीही वडिलांसोबत आली होती. ती आणि पूर्वा पंगतीत वाढत होत्या.

मला एक गोष्ट आत खुपत होती. काही दिवसांनी पूर्वा वर आली तेव्हा मी विचारलंच. "त्या दिवशी फोनवर त्यांनी तुझं नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं गं? एकदा तरी?"

ती खिडकीशी उभी होती. म्हणाली, "घेतलं असतं त चांगलं वाटलं असतं मॅडम. पन मंग 'बराबर चालवली' म्हनले होते ना, थे बी खोटं वाटलं असतं मले."